रक्तदाब आणि गोळीचे भय
सुरतेच्या लिंबायत-उधना इलाख्यात यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी बांधवांत, गोळी एकदा लागली की जन्माची लागली, या भयाने रक्तदाबाचे औषध टाळणारे, अथवा डोके दुखेनासे होताच ते परस्पर बंद करणारे आढळतात. वस्तुतः उच्च रक्तदाबाचा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता हृदय, मूत्रपिंड व मेंदू यांची हानी करीत असतो. औषधांचे दुष्परिणाम मात्र अगदीच खोटे नव्हेत. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सप्रमाण मांडला, पुढे तिच्या सत्त्वाने काहींना औदासीन्य येते, हेही दिसून आले. आजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अॅम्लोडिपिनने कित्येकांचे घोटे सुजतात, रामिप्रिलने कोरडी ढास लागते, हे मला कबूल आहे; परंतु अशी तक्रार डॉक्टरांच्या कानी घातल्यास गोळी बदलून मिळते, आणि लोणचे-पापडातले मीठ आवरल्यास मात्रा उतरविण्यासही कित्येकदा वाव राहतो.