हुकलेल्या लशी

13 मार्च 2020 रोजी अमेरिकेत कोविडची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली आणि तान्ह्या बाळांच्या लशी रखडल्या. मे 2020 मध्ये मिशिगनमधल्या पाच महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम निम्म्यांचेच डोस वेळेवर पूर्ण होते; आधीच्या वर्षांत हे प्रमाण दोन-तृतीयांश असे. लस फ्रीजमध्ये होती, पण आईबाप दवाखान्यात यायला घाबरत होते. काही डॉक्टरांनी मग पार्किंगमध्येच, गाडीत बसलेल्या बाळाच्या मांडीला सुई टोचली. केवढं मोलाचं काम!

गोवर इतका पसरतो की साथ रोखायला 95 टक्के मुलं लसवंत हवीत. अमेरिकेच्या बालवर्गांत 2023-24 पर्यंत हे प्रमाण 93च्या खाली आलं. या घसरणीमागे महामारीनंतर लशींबद्दल वाढलेला अविश्वासही आहे. 2025 मध्ये टेक्सासात लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गोवराने दगावली. पण हुकलेला डोस नंतरही घेता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.