जुन्या क्लॅरिनेटचे वय कसे ओळखावे?

शाळेच्या बँडच्या कपाटात किंवा जुन्या बाजारात एखादे काळे क्लॅरिनेट हाती लागले, की हे वाद्य किती जुने असा प्रश्न पडतो. बहुतेक जण लगेच त्यावरचा अनुक्रमांक शोधू लागतात. आम्ही म्हणू, तो शेवटी पाहा. प्रत्येक कारखान्याची क्रममालिका वेगळी असते आणि त्या कारखान्याचा तक्ता जवळ नसेल, तर नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

आधी छाप वाचा. बूझी आणि हॉक्स या लंडनच्या दोन कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या. तेव्हा 'बूझी अँड हॉक्स' असा जोडछाप असेल तर वाद्य त्याआधीचे असूच शकत नाही. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर ते १९१८ ते १९९२ या काळातले. मात्र छापातले नाव कधी कधी नुसत्या विक्रेत्याचेच असते. कंपनी कळली तरी मॉडेल उरतेच. बूझी अँड हॉक्सचे नावाजलेले '१०१०' हे मॉडेल नळीच्या आतल्या रुंद व्यासावरून ओळखू येते. तो सुमारे १५.२ मिमी असतो.

मग चाव्या पाहा. उजव्या करंगळीसाठी चार चाव्या असतील तर ती बोएम पद्धत. क्लोझे आणि ब्यूफे यांनी ती पॅरिसमध्ये १८३९ मध्ये पुढे आणली. दोनच असतील तर बहुधा जुनी, 'अल्बर्ट' म्हणतात ती पद्धत. पण ही वाद्येही विसाव्या शतकात बरीच वर्षे बनत होती, म्हणून एवढ्यावर वय ठरवू नये.

खरी मेख आहे ती रोमन लिपीतल्या 'एच. पी.' या दोन अक्षरांत. एच. पी. म्हणजे हाय पिच, चढा सूर. आज मधल्या सप्तकातल्या 'ए' या स्वराची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ धरतात. ब्रिटनमध्ये एके काळी ती सुमारे ४५२ होती आणि फौजी बँडांनी ती १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकवली. म्हणून एच. पी. छापाचे क्लॅरिनेट बहुधा १९३० च्या आधीचे असते. ते आजच्या हार्मोनियमबरोबर वाजवले, तर प्रत्येक स्वर दोन शेजारच्या पट्ट्यांच्या जवळजवळ मधोमध पडतो!

यावर उपाय म्हणून सांधे थोडे ओढून नळी लांब केली तर? विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. कंपनसंख्या वायुस्तंभाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. सर्वांत खालच्या स्वराचा स्तंभ सुमारे ५८ सेंमी आहे. सूर पावणेतीन टक्के उतरवायला त्याला सुमारे १.६ सेंमी वाढ लागेल. पण वरची भोके उघडली की स्तंभ २५ सेंमीच्या आसपास उरतो. तीच १.६ सेंमी तेथे साडेसहा टक्के होते, म्हणजे सूर एका पूर्ण पट्टीहूनही जास्त उतरतो. खालचे स्वर जुळले की वरचे बिघडतात, कारण भोकांमधली अंतरेच आखूड नळीसाठी आखलेली असतात.

म्हणून विकत घेण्यापूर्वी किंवा गाद्या बदलण्यावर पैसे घालण्यापूर्वी हार्मोनियम शेजारी ठेवून दोन-चार स्वर वाजवून पाहावेत. छाप झिजला असला तरी चालेल, कान फसत नाही. अशी दोन एच. पी. क्लॅरिनेट मिळाली, तर ती एकमेकांशी मात्र छान जुळतात.