सांघिक उपक्रम आणि मुलींचा आत्मविश्वास

वर्गात शिक्षकांनी प्रश्न विचारावा आणि उत्तर ठाऊक असूनही निम्म्या मुलींनी मान खाली घालून बसावे, हे दृश्य कोणत्याही शाळेस अपरिचित नाही. परीक्षेच्या वेळी त्याच मुली तेच उत्तर वळणदार अक्षरात बिनचूक लिहितात. तेव्हा उणीव ज्ञानाची नसते. ‘मी बोलले तर चालेल, आणि चुकले तरी आकाश कोसळणार नाही’ या विश्वासाची असते. ही उणीव शाळेत लहान दिसते. पुढे मात्र ती मोठी होते. दुकानदाराची हिशेबातील चूक दाखवून देणे, कचेरीत आपले काम नीट सांगणे, स्वतःच्या शिक्षणाविषयी किंवा विवाहाविषयी घरात मत मांडणे, अशा प्रसंगी तीच मुलगी गप्प राहते आणि तिच्या आयुष्याचे निर्णय इतर लोक घेऊन मोकळे होतात. म्हणून आत्मविश्वास हा गुण मुलींच्या अंगी कसा बाणतो, याचा थोडा विचार करावयाचे आम्ही येथे योजिले आहे.

आत्मविश्वास म्हणजे धीटपणाचा देखावा नव्हे. मोठ्याने बोलणारी प्रत्येक मुलगी आत्मविश्वासाने बोलते असे नाही, आणि शांत स्वभावाची मुलगी भित्री असते असेही नाही. हा गुण उपदेशानेही येत नाही. ‘घाबरू नकोस’ असे शंभरदा सांगितल्याने कोणाची भीती गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, तद्वत् जबाबदारी अंगावर घेतल्यावाचून स्वतःवरचा विश्वास येत नाही. कोणीतरी आपल्यावर विसंबून होते आणि ते काम आपल्या हातून पार पडले, हा अनुभव पुनःपुन्हा यावा लागतो. एकटीने खोलीत बसून केलेल्या अभ्यासात तो मिळत नाही. तो चारचौघींच्या संगतीतच मिळतो.

आपल्या समाजात याचे ठळक उदाहरण रमाबाई रानडे यांचे आहे. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकविले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या घरच्या शिक्षणास जोड मिळाली ती स्त्रियांच्या सभांची. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. तेथे स्त्रिया एकत्र जमत, दुसरीचे ऐकत आणि हळूहळू स्वतःही बोलू लागत. तेथे जाण्यापायी रमाबाईंना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसावा लागला. पण त्यांनी जाणे सोडले नाही. पुढे १९०९ साली गो. कृ. देवधरांच्या साह्याने याच रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन उभारले आणि असंख्य स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची वाट दाखविली. चार भिंतींच्या आत आलेली विद्या चारचौघींत वापरली गेली, तेव्हाच तिचे सामर्थ्य झाले.

प्रौढ स्त्रियांची ती पाठशाळा सभेत भरली. शाळकरी मुलींची तीच पाठशाळा क्रीडांगणावर भरते. आपला खो-खोच पाहा. मैदानाच्या मध्यावर दोन खांबांच्या दरम्यान आठ मुली बसतात. एकीचे तोंड एका बाजूस, तर शेजारणीचे दुसऱ्या बाजूस. नववी मुलगी पाठलाग करते. पळणाऱ्या मुली तिघींच्या तुकडीने मैदानात येतात आणि बसलेल्या मुलींमधून हव्या तशा नागमोडी धावतात. पाठलाग करणारीवर मात्र बंधने आहेत. तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. म्हणून कितीही चपळ मुलगी असली तरी तिला एकटीने डाव जिंकता येत नाही. योग्य क्षणी पुढच्या मुलीस मागून स्पर्श करून ‘खो’ द्यावाच लागतो.

या साध्या नियमांत केवढे शिक्षण भरले आहे! बसलेली मुलगी रिकामी बसलेली नसते. कोणत्या क्षणी आपली पाळी येईल हे ठाऊक नसल्याने तिचे डोळे, कान आणि पाय सर्व सज्ज असतात. ‘खो’ मिळताच कोणत्या दिशेने धावावे, हे तिचे तिलाच ठरवावे लागते. कोणास विचारावयास सवड नसते. निर्णय चुकला, तर ती पुढच्या मुलीस ‘खो’ देऊन तिच्या जागी बसते आणि डाव चालूच राहतो. एकीची चूक दुसरी सावरते, आणि थोड्याच वेळात दुसरीची चूक सावरण्याची पाळी पहिलीवर येते. निर्णय घेण्याचे भय जावयास याहून चांगला उपाय कोणता? आणखी एक गोष्ट. ‘खो’ हा शब्द स्पष्ट आणि मोठ्याने उच्चारावा, असा नियमच आहे. ‘हळू बोल’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलीला या खेळात मोठ्याने बोलणे हे कर्तव्य ठरते! जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भरला आणि भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८–४० असा पराभव करून तो जिंकला. आपल्या अंगणातला खेळ मुलींना कोठवर नेऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

दुसरा उपक्रम वीरबालांचा, म्हणजे गाईडचा. त्याचा जन्मच मुलींच्या हिमतीतून झाला. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मुलांच्या बालवीर पथकांचा मेळावा भरला असता काही मुली न बोलावता तेथे येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हांसही हे शिक्षण हवे, असे त्यांनी बेडन-पॉवेल यांस सांगितले. त्यातून १९१० साली मुलींची स्वतंत्र संघटना निघाली, आणि १९११ साली आपल्या देशात जबलपूर येथे पहिले पथक सुरू झाले. या शिक्षणाचा प्राण म्हणजे लहान संघ. पथक मोठे असले तरी त्याचे सहा ते आठ मुलींचे संघ पाडलेले असतात आणि प्रत्येक संघाची नायिका मुलींपैकीच एक असते. शिबिरात एकीकडे चूल, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे प्रथमोपचाराची पेटी, चौथीकडे जमाखर्च, अशी कामे वाटलेली असतात. चूल पेटली नाही तर संघ खरोखरच उपाशी राहतो. तंबूची दोरी सैल बांधली तर रात्री तंबू खरोखरच पडतो. कामाला असा खरेपणा असल्यामुळे ते पार पडल्याचा आनंदही खरा असतो. दुखावलेला हात त्रिकोणी पट्टीच्या झोळीत कसा बांधावा, हे ज्या मुलीच्या हातांना ठाऊक आहे, ती अपघाताच्या जागी किंचाळत नाही; पुढे होते.

आपल्या जुन्या चालीरीतींतही हे बीज आहे. आश्विन महिन्यात पाटावर हत्ती मांडून त्याभोवती भोंडल्याचा फेर धरला जातो. कोठे त्यास हादगा म्हणतात. आमच्या बडोद्यात तर त्याच दिवसांत एका अंगणात भोंडला आणि पलीकडच्या चौकात गरबा, असा दुहेरी योग असतो. फेरात कोणी पहिली नसते, कोणी शेवटची नसते. लाजरी मुलगीही सर्वांच्या सुरात आपला सूर मिसळते आणि खिरापत ओळखताना सर्वांदेखत बोलून जाते. एकटीने गाण्याची पहिली पायरी अशी सर्वांबरोबर गाण्यात असते.

परंतु उपक्रम सांघिक असला म्हणजे त्यातून आत्मविश्वास आपोआप येतो, असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी स्नेहसंमेलनात दरवर्षी त्याच चार-पाच मुली नाटकात, त्याच वक्तृत्वात आणि त्याच स्वागतगीतात दिसतात. उरलेल्या टाळ्या वाजवितात. अशा उपक्रमाने चौघींचे कौतुक होते, चाळीसजणींचा संकोच तसाच राहतो. म्हणून तीन पथ्ये पाळावीत असे आम्हांस वाटते. संघ लहान असावा, म्हणजे कोणासही लपून बसता येणार नाही. नायिकेचे पद पाळीपाळीने फिरावे, म्हणजे आज्ञा देणे आणि आज्ञा पाळणे दोन्ही प्रत्येकीस येईल. आणि चुकणाऱ्या मुलीस कोणी हसू नये. कारण एकदा उडालेली टर दहा वेळच्या शाबासकीस पुसून टाकते. हस्तलिखित मासिक असो, लेझीम असो की शाळेची बाग असो, ही पथ्ये सर्वत्र सारखीच लागू आहेत.

आता दोन शब्द पालकांसाठी. सायंकाळी सरावाला थांबणाऱ्या मुलीविषयी घरोघरी तक्रारी असतात: अभ्यास बुडतो, उन्हाने रंग उतरतो, घरकामाला हात मिळत नाही, लोक काय म्हणतील. अंधाराची काळजी रास्त आहे. त्यासाठी एका वाटेच्या मुलींनी मिळून घरी जावे आणि शाळेने वेळ पाळावी. घरकामाची अडचण खरी असेल, तर त्या तासाचे काम भावाने करावे. हात त्यालाही आहेत. उरलेल्या तक्रारींपायी मुलीचा तो एक तास काढून घेणे फार महाग पडते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलींनाही त्यातून वगळले नाही. मुलींना शाळेच्या दारापर्यंत आणण्याचे काम त्या पिढीने केले. दारातून आत आलेल्या मुलीस मैदानात, व्यासपीठावर आणि सभेत उभे करण्याचे काम आपल्या पिढीकडे आहे.

आणि मुलींनो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे की, धीर आल्यावर पुढे होऊ, अशी वाट पाहत बसू नका. पुढे झाल्यावरच धीर येतो. येत्या वर्षी एखाद्या संघात आपले नाव घाला. नायिका म्हणून नव्हे, साधी गडी म्हणून घाला. पाळी येईल तेव्हा उठा, आणि ‘खो’ मात्र सर्वांस ऐकू जाईल असा द्या.