राखीव यादीत नाव आलं, म्हणजे नोकरी लागली का?

संयुक्त राष्ट्रे किंवा युरोपियन युनियनच्या भरतीत ‘राखीव यादी’ किंवा ‘रोस्टर’ हा शब्द येतो. आपल्याकडे राखीव म्हटलं की आरक्षण आठवतं. इथे आरक्षणाचा काही संबंध नाही. निवड प्रक्रियेत पात्र ठरलेल्या, पण अजून नेमणूक न मिळालेल्या उमेदवारांची ही यादी असते.

मग ही आपल्या सरकारी भरतीतली प्रतीक्षा यादी झाली का? नाही. आपल्याकडे प्रतीक्षा यादी गुणानुक्रमे लागते. वरचा उमेदवार रुजू झाला नाही की खालच्याचा नंबर येतो. आंतरराष्ट्रीय यादीत असा ‘नंबर’ लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांचं उदाहरण घ्या. एका जागेसाठी चार जण योग्य ठरले, तर एकाची निवड होते. उरलेल्या तिघांची नावं रोस्टरवर जातात. पुढे त्याच दर्जाची, तशाच कामाची जागा निघाली तर विभागप्रमुख त्यांच्यातून थेट निवड करू शकतो; सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागत नाही. काही जाहिराती तर फक्त रोस्टरवरच्या उमेदवारांसाठीच निघतात. पण अर्ज दर वेळी आपणच करायचा. घरी बसून बोलावण्याची वाट पाहिली तर यादीतलं नाव यादीतच राहतं.

युरोपियन युनियनच्या परीक्षा ‘एप्सो’ ही संस्था घेते. यशस्वी उमेदवार राखीव यादीत जातात आणि वेगवेगळ्या संस्था त्यातून हवी ती व्यक्ती मुलाखतीला बोलावतात. यादीला मुदत असते. ती वाढवली जाते, तशी संपतेही. नोकरी न मिळताच मुदत संपली, असंही घडतं. मात्र या परीक्षेला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर हा रस्ता बंद आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांना तो खुला आहे.

तरुण पदवीधरांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम’ आहे. वय 32 पर्यंत, किमान पदवी, आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर पकड हवी. यातही पास झाल्यावर आधी रोस्टर, मग जागा. कोणत्या देशांचे उमेदवार बसू शकतात ते दर वर्षी ठरतं. म्हणून तयारीला लागण्याआधी त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का, हे पाहून घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत अरबीही आहे. ज्या मुलामुलींना ती नीट लिहिता-बोलता येते, त्यांनी अर्जात ते जरूर नमूद करावं.

आता पालकांसाठी दोन गोष्टी. रोस्टरवर नाव आलं तर मुबारकबाद जरूर द्या, पण नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत हातातली नोकरी सोडायला सांगू नका. आणि ‘तुमच्या मुलाचं नाव यादीत आलंय, पुढचं काम करून देतो, एवढे पैसे भरा’ असा फोन आला तर समजा, ही फसवणूक आहे. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही फी घेत नाहीत. यादीत नाव असणं ही लायकीची पावती आहे, नोकरीची नाही.