गहाण पडलेले शेत : बायबलातील पाप आणि तारण

आमच्या बऱ्हाणपुरास पाहुणा आला, की त्याला तापीकाठचा शाही किल्ला आणि जामा मशीद दाखविण्याचा प्रघात आहे. १६३१ साली मुमताजमहल ह्याच गावी वारली, हे आवर्जून सांगितले जाते. मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेख आहे, हे पाहून पाहुणा चकित होतो. ह्या गावाची आणखी एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला, त्या मोहिमेत बादशहाच्या छावणीबरोबर जेरोम झेवियर नावाचा एक जेसुइट पाद्री होता. गोव्यास ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरांच्या घराण्यातला हा पुरुष. पुढे १६०२ मध्ये त्याने अकबरासाठी 'मिरात-उल-कुद्स' हे ख्रिस्तचरित्र फार्सीत सिद्ध केले.

त्याच सुमारास गोव्याच्या साष्टी प्रांतात दुसरा एक जेसुइट वावरत होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडातील विल्टशरचा. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिला. त्याने लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल (रायतूर) येथे छापून निघाले. मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. मराठीच्या विद्यार्थ्याला त्यातील मराठी भाषेची स्तुती बहुधा ठाऊक असते, कारण तेवढाच उतारा पाठ्यपुस्तकांतून येतो. उरलेल्या ग्रंथात काय आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

दोन्ही पाद्री एकाच संघाचे आणि एकाच श्रद्धेचे. तरीही झेवियरने बादशहाला ख्रिस्ताचे चरित्र तेवढे सांगितले आणि स्टीफन्सने साष्टीच्या नवख्रिस्ती गावकऱ्यांना जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून दिली. त्याच्या पुराणाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' छत्तीस अवस्वरांचे म्हणजे अध्यायांचे आहे, आणि ते जुन्या कराराची कथा सांगते. 'दुसरे पुराण' एकोणसाठ अवस्वरांचे आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता ऐकण्यापूर्वी श्रोत्याने छत्तीस अध्याय थांबायचे! कारण स्टीफन्सला ठाऊक होते, की दुखणे कोणते हे कळल्यावाचून औषधाची महती कोणाला पटत नाही. तारणारा आला असे म्हणायचे, तर कशापासून तारणारा, हे आधी सांगितले पाहिजे. बायबलाची सहासष्ट पुस्तके (रोमन कॅथलिक गणतीप्रमाणे त्र्याहत्तर) शेकडो वर्षांत, निरनिराळ्या हातांनी, हिब्रू, अरामी आणि ग्रीक ह्या तीन भाषांत लिहिली गेली. त्यांना एक ग्रंथ म्हणून बांधणारे सूत्र ख्रिस्ती वाचकाच्या मते हेच, पाप आणि तारण.

प्रथम 'पाप' ह्या शब्दाकडे पाहू. आपण हा शब्द उच्चारला, की पुण्याच्या समोरचे पारडे, चित्रगुप्ताची वही आणि पुढचा जन्म हे सारे बरोबर येते. हिब्रूत मात्र पापासाठी जो शब्द सर्वांत अधिक येतो, त्याच्या धातूचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. शास्ते नावाच्या पुस्तकात सातशे डावखुऱ्या गोफणकऱ्यांचे वर्णन आहे. केसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथे 'चुकणे' ह्यासाठी तेच क्रियापद वापरले आहे. ग्रीक नव्या करारातील 'हमार्तिया' हा शब्दही अशाच अर्थाचा. हिब्रूत आणखी दोन शब्द आहेत. एक 'आवोन', म्हणजे वाकडेपणा. दुसरा 'पेशा', म्हणजे बंड. (आपल्या पेशाशी त्याचा काही संबंध नाही, हे प्राध्यापक मंडळींनी लक्षात घ्यावे.) नेम चुकणे, वाकडे होणे, बंड करणे ह्या तिन्ही कल्पनांत समोर कोणीतरी आहे, ज्याच्यापासून आपण ढळलो. पाप म्हणजे हिशेबातली खोट, त्यापेक्षा नात्यातला बिघाड, असा हा रोख आहे.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील एदेन बागेची गोष्ट सर्वांना ऐकून माहीत असते. फळ, सर्प, स्त्री, पुरुष. त्या अध्यायात 'पाप' हा शब्द एकदाही येत नाही, हे मात्र सांगितले म्हणजे वाचक पुस्तक उघडून पाहतात. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, भावाच्या द्वेषाने पेटलेल्या काइनाच्या संदर्भात, आणि तोही दाराशी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखा. बागेतल्या कथेत दिसते ते निराळेच. माणसे झाडांआड लपतात आणि देव त्यांना हाक मारीत फिरतो. पुरुष स्त्रीकडे बोट दाखवितो, स्त्री सर्पाकडे. देवाशी, सोबत्याशी आणि जमिनीशी असलेली तिन्ही नाती एका दिवसात बिघडतात. त्याच अध्यायात देव सर्पाला सांगतो, की स्त्रीची संतती तुझे डोके फोडील. ख्रिस्ती परंपरेने ह्या वाक्यात ताऱ्याचे पहिले किरण पाहिले आहेत.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हाच अध्याय यहुदी लोकही वाचतात, पण सर्व मानवजात आदामाच्या दोषाने जन्मतःच दूषित आहे, असा सिद्धान्त ते त्यातून काढीत नाहीत. तो सिद्धान्त मुख्यतः ऑगस्टीनने (३५४ ते ४३०) बांधला आणि पाश्चात्त्य चर्चने उचलला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आदामापासून मरण वारशाने आले असे मानते, अपराध नव्हे. तेव्हा 'बायबल म्हणते' असे ठासून सांगताना जपावे.

आता तारणाकडे वळू, आणि इथेच आमच्या निमाडच्या शेतकऱ्याला सर्वांत लवकर कळेल अशी कल्पना आहे. मोशेच्या नियमशास्त्रात अशी तरतूद होती, की एखादा इस्राएली नाडला आणि त्याला वडिलार्जित जमीन विकावी लागली, तर त्याच्या जवळच्या नातलगाने पुढे येऊन ती सोडवावी. माणसाने स्वतःलाच विकले असेल, तर त्याचीही सुटका करावी. अशा नातलगाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात. रूथच्या छोट्याशा पुस्तकात हे सारे प्रत्यक्ष घडते. परक्या मवाब देशातली विधवा सून रूथ आणि तिची सासू नामी बेथलेहेमला परततात. अधिक जवळचा एक नातलग शेत सोडवायला तयार होतो. पण शेताबरोबर रूथचीही जबाबदारी येते असे कळताच, स्वतःच्या वतनाला बाध येईल म्हणून अंग काढून घेतो. मग बवाज पुढे येतो. त्या दोघांचा पणतू म्हणजे दावीद राजा.

'तारण' हा मराठी ख्रिस्ती शब्द ऐकून काहींना बँकेतले तारण आठवते आणि ते हसतात. मला तर तो योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो. उलट, मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांच्या सुटकेचे मोल म्हणून देतो, तिथे प्रचलित मराठी बायबलात 'खंडणी' हा शब्द आहे. खंडणी म्हटले, की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर गुंड उभा राहतो. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा बंदी सोडविण्यासाठी भरायच्या किमतीचा आहे. 'सोडवणूक' हा साधा शब्द तिथे अधिक चालला असता, असे माझे मत आहे.

इस्राएलाने देवालाच आपला गोएल म्हटले, ते मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या अनुभवावरून. निर्गमाची कथा नीट वाचावी. वल्हांडणाच्या रात्री कोकराचे रक्त दाराला लागते, लोक सुटतात, समुद्र ओलांडतात आणि त्यानंतर सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळतात. आधी सुटका, मग नियम. नियम पाळले म्हणून सुटका झाली, असा क्रम नाही. हा क्रम ज्याला कळला त्याला पुढे पौलाची पत्रे कळायला जड जात नाहीत.

पण सुटलेला माणूसही पुन्हा चुकतो. म्हणून लेवीयात यज्ञ आले. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणीत. एकाचा बळी देत आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे उच्चारून त्याला रानात सोडून देत. पुढे संदेष्ट्यांनी ह्या यज्ञांवरच कोरडे ओढले. गरिबाला जोडाभर वहाणांसाठी विकणाऱ्यांचे उत्सव देवाला नकोत, असे आमोस गरजला. दावीद राजाने बथशेबाला भ्रष्ट करून तिचा नवरा उरीया ह्याला युद्धात मारविले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने दरबारात येऊन गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि ती मेंढी हिरावणारा श्रीमंत तूच, असे राजाला तोंडावर सुनावले. आपल्या किती दरबारी ग्रंथांत असे प्रसंग आहेत, हे शोधून पाहण्यासारखे आहे. इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि लोक बाबेलला गेले, तेव्हा यिर्मयाच्या नावाच्या ग्रंथात दगडावर नव्हे तर अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या कराराचे वचन आले. यशयात दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ होणाऱ्या मुक्या सेवकाचे चित्र आले.

इथे मराठी मनाची खरी हरकत सुरू होते. 'करावे तसे भरावे' हे आपल्याला आईच्या मांडीवर शिकविलेले असते. एकाचे पाप दुसऱ्याने कसे फेडावे? हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बायबलातच तो विचारला आहे. यहेज्केलाचा अठरावा अध्याय निक्षून सांगतो, की बापाचे पाप लेक भरणार नाही आणि लेकाचे बाप भरणार नाही. मग यशयाचा तो सेवक आणि पुढे क्रूसावरचा ख्रिस्त ह्यांचे काय?

ख्रिस्ती शास्त्र्यांनी ह्याची उत्तरे अनेक दिली. कोणी सैतानाला दिलेली किंमत म्हटले. अँसेल्मने १०९८ च्या सुमारास देवाच्या अवमानलेल्या प्रतिष्ठेची भरपाई म्हटले. अबेलार्डने प्रेमाचे असे दर्शन म्हटले, की ज्याने पाहणाऱ्याचे काळीज पालटावे. एकही उत्तर सर्व चर्चांनी एकमुखाने स्वीकारलेले नाही. मला स्वतःला गोएलची वाट सर्वांत चालण्याजोगी वाटते. कर्म दुसऱ्याला देता येत नाही, हे खरे, पण ऋण नातलगाला फेडता येते. आणि येशू बोलत असे त्या अरामी भाषेत ऋण आणि पाप ह्यांना एकच शब्द आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत म्हणूनच 'ऋणे' सोडण्याची मागणी आहे. मात्र फेडणारा तिऱ्हाईत चालत नाही, रक्ताचा लागतो. देवाने माणूस का व्हावे, ह्याचे उत्तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ह्याच अंगाने दिले आहे : ज्यांना सोडवायचे, त्यांच्या रक्तमांसाचा भागीदार होणे भाग होते. पौल रोमकरांस लिहिताना आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवतो, त्यामागेही हेच. एकाच्या नात्याने सगळे बुडाले, तर एकाच्या नात्याने सगळे तरावेत. हे पटावेच असे नाही. पण हा न्यायाधीशाच्या कचेरीतला व्यवहार नसून घरातला आहे, एवढे ध्यानात घेतले, तर उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला म्हातारा बाप वेशीकडे का धावत सुटतो ते समजते.

ज्ञानोबा-तुकोबांच्या पतितपावनाची ओळख असलेल्या माणसाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. पंडिता रमाबाईंनी तर मुक्तीचा अर्थ अंगणापर्यंत आणला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या (आमचा निमाड तेव्हा मध्य प्रांतातच होता) आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या त्या आश्रमाचे नाव 'मुक्ती'. तिथल्या मुलींना त्या शब्दाचा पहिला अर्थ भाकरी आणि छप्पर असाच कळला असणार.

स्टीफन्सच्या साष्टीत मात्र चित्र इतके उजळ नव्हते, हे लपविण्यात अर्थ नाही. १५६७ मध्ये तिथली देवळे पोर्तुगिजांनी पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेसुइटांना ठार केले, आणि पुढे बोलणीसाठी बोलाविलेल्या गावच्या पुढाऱ्यांना असोळणे येथे मारण्यात आले. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. सुटकेची कथा ज्यांना ऐकवायची, त्यांची जुनी पुराणे आधी हिरावून घेतलेली होती. ग्रंथारंभी एक ब्राह्मण पाद्रीला नेमके हेच म्हणतो : जुनी पुराणे सुटली, आता आमच्या भाषेत दुसरी द्या. स्टीफन्सने ती मागणी ऐकली, ओवी उचलली, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आणि मराठीत कोकणी शब्द मिसळले, म्हणजे साध्या माणसाला कळावे. त्याचे श्रेय त्याला द्यावे, आणि ज्या तलवारीच्या छायेत हे घडले तिचाही विसर पडू देऊ नये.

आमच्या मासिकाच्या कानडी विभागातील मित्रांना ह्यापुढचे सांगितले पाहिजे. ख्रिस्तपुराण गोव्यात १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि मोठ्या प्रमाणात कानडी मुलखात. गोव्याहून दक्षिण कन्नडात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला. घरांतून आणि चर्चांतून तो वाचला जाई. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये ह्या समाजाला श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत हा बंदिवास चालला, आणि त्या वर्षांत ह्याच ओव्यांनी त्यांना धीर दिला असे सांगितले जाते. मिसरातून सुटण्याची कथा त्यांनी तिथे कशी वाचली असेल, ह्याची कल्पना करावी. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत जी आवृत्ती काढली, ती ह्याच परंपरेतल्या प्रतींवरून. देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून ती उपलब्ध करून दिली. ज्यांना अकरा हजार ओव्यांची धास्ती वाटते, त्यांनी 'पहिल्या पुराणा'तील आदामाची कथा तेवढी वाचावी आणि मग सरळ 'दुसऱ्या पुराणा'तील क्रूसाच्या अध्यायांकडे जावे. मधले नंतर वाचता येईल.