कोणी कोणाला निवडायचं? फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाचा मागोवा

कराड मागे टाकून कोल्हापूरच्या दिशेने निघालं की महामार्गालगतच मलकापूर सुरू होतं. ढेबेवाडी फाटा, आगाशिवनगर, कृष्णा रुग्णालय या पट्ट्यात सकाळी पाठीला सॅक आणि हातावर पांढरा एप्रन टाकलेली मुलं-मुली घाईने चाललेली असतात. कोणी एमबीबीएसचं, कोणी नर्सिंगचं, कोणी दंतवैद्यकाचं. त्यांत फिजिओथेरपीची मुलं पुष्कळ, आणि मुलीच जास्त. चार वर्षांचा अभ्यास आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप संपत आली की यांच्यात एकच विषय असतो. पुढे काय? एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी, करायची का? केली तर कुठे, कोणत्या शाखेत? की थेट परदेशाची वाट धरायची?

प्रश्न जुनाच आहे, त्याचं उत्तर शोधण्याची रीत मात्र गेल्या सत्तर वर्षांत पार बदलली. हा सगळा काळ डोळ्यांसमोर आणला की मला एक गोष्ट खटकते. विद्यार्थी निवडण्याची पद्धत आपण बरीच सुधारली, पण विद्यार्थ्याने आपलं महाविद्यालय, आपली शाखा, आपला गाइड निवडायचा असतो हे त्याला शिकवायचं राहून गेलं.

सुरुवातीला निवडीला वावच नव्हता. 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या पायांवर औषध नव्हतं. उरलेल्या स्नायूंकडून काम करून घेणारी, मुलाला पुन्हा उभं करणारी माणसं हवी होती आणि ती देशात जवळजवळ नव्हतीच. सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा काढली ती या गरजेतून. 1955 मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली आणि त्याच सुमारास हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे नायर, शीव, नागपूर असा विस्तार झाला, तरी जागा मोजक्याच होत्या. पाटण किंवा शिराळ्याच्या मुलीला हा अभ्यासक्रम असतो हेच ठाऊक नव्हतं, मग मुंबईत खोली घेऊन राहण्याचा विचार दूरच.

त्याच काळात, 1952 च्या जुलैत, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची वाट अडवली. तेव्हा आपल्याकडच्या तालमीत दुखावलेल्या गुडघ्याला लेप, मालिश आणि विश्रांती एवढेच उपाय होते. आज गोळेश्वरचा एखादा पैलवान लिगामेंट तुटून मलकापुरात आला, तर शस्त्रक्रियेनंतर कोणत्या आठवड्यात पाय किती वाकवायचा, वजन कधी टाकायचं आणि मातीत पुन्हा कधी उतरायचं याचं वेळापत्रक त्याच्या हातात पडतं. ते आखणारा बहुधा एमपीटी झालेला किंवा होत असलेला असतो. पदव्युत्तर शिक्षणाची गरज या भागाला का आहे, हे मला या एका गुडघ्यावरून नेमकं कळतं.

मलकापुरात हे शिक्षण आलं ते टप्प्याटप्प्याने. 1984 मध्ये जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 2005 मध्ये संस्था अभिमत विद्यापीठ झाली. फिजिओथेरपीची पदवी आणि मग पदव्युत्तर शाखाही आल्या. आज हे कृष्णा विश्व विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. गावाच्या मानाने हा बदल फार मोठा होता. ‘शेक घ्यायला जातो’, ‘करंट लावून येतो’ म्हणणारी माणसं हळूहळू ‘व्यायामवाल्या मॅडमनी बोलावलंय’ म्हणू लागली. आणि इथला रुग्ण पाहा. सीझन संपवून कंबर धरून आलेला ऊसतोड मजूर, महामार्गावरच्या अपघातातला ट्रकचालक, गुडघ्याची वाटी बदलून घेतलेली वाळव्याची आजी, अर्धांगवायू झालेला पाटणच्या वाडीवरचा शेतकरी, ज्याला घरी पोचायला शेवटची चढण पायीच चढावी लागते. शिकायला इतकं विविध काम मोठ्या शहरातल्या वातानुकूलित क्लिनिकमध्ये मिळत नाही. इथेच शिकलेली मुलंसुद्धा पसंतीक्रम भरताना हे विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

आता प्रवेशाबद्दल. राज्यातल्या एमपीटीच्या जागांसाठी आज राज्य सीईटी कक्षाची सामायिक परीक्षा आहे. बहुपर्यायी प्रश्न, गुणवत्ता यादी, मग ऑनलाइन पसंतीक्रम आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. अभिमत विद्यापीठं आपापली प्रवेशपरीक्षा घेत आली आहेत. जिथे पूर्वी टेबलापलीकडे तिघे बसून दहा मिनिटांत उमेदवार जोखायचे, तिथे आता रँक बोलते. हे झालं ते चांगलंच झालं, हे मी ठामपणे सांगते. आपल्याकडच्या मुलाखतीत ओळख बोलायची, आडनाव बोलायचं, वडिलांचा व्यवसाय बोलायचा. आणि सगळ्यांत जास्त बोलायचं इंग्रजी. शिराळ्याच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी पॅरालिसिसच्या रुग्णाला खाटेवरून खुर्चीत इतक्या सफाईने हलवते की त्याच्या खांद्याला ताण पडत नाही. पण ‘टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ’ म्हटलं की तिचा घसा कोरडा पडतो. परीक्षेच्या कागदावर तिला न्याय मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

तरीही त्या टेबलापाशी कधी कधी एखादा चांगला शिक्षक बसलेला असायचा आणि तो एखादा असा प्रश्न विचारायचा की उमेदवाराचा सगळा आव गळून पडायचा. ‘तुझ्या हातून बरा न झालेला एक रुग्ण सांग.’ या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर नसतं. कोणी गप्प बसे, कोणी रुग्णाने व्यायाम केलाच नाही म्हणून त्याच्यावर ढकले. आणि एखादी सांगे, बाईला दिवसातून तीनदा व्यायाम सांगितला होता, पण तिच्या घरी सासू आजारी आणि दोन म्हशी होत्या, ती व्यायाम करणार कधी हे मी विचारलंच नाही. पुढच्या वर्षांत ही मुलगी काय होणार, ते या एका वाक्यात कळत असे. बहुपर्यायी परीक्षेत हे कळत नाही, कळणारही नाही. पण म्हणून मुलाखत परत आणावी असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न आपण पदवीच्या पोस्टिंगमध्ये, रोजच्या केसचर्चेत विचारायला हवा. प्रवेशाच्या दारात त्याला फार उशीर झालेला असतो.

रँक आली आणि एक दुसरीच गोष्ट घडली. शाखा निवडणंसुद्धा रँकवर गेलं. अस्थी-स्नायूंची शाखा, म्हणजे मस्क्युलोस्केलेटल, सगळ्यांना आधी हवी, कारण क्लिनिक तिच्यावर चालतं अशी समजूत आहे. मग खेळाडूंची, मग न्यूरो. हृदय-श्वसनाची आणि सामुदायिक आरोग्याची शाखा उरलेल्यांनी घ्यायची. करोनाच्या दोन वर्षांनी या क्रमवारीला चांगलाच धक्का दिला. पालथं झोपवून ऑक्सिजनची पातळी वाढवणं, चिकटलेला कफ सुटा करणं, व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या माणसाला खाटेच्या कडेला बसवणं, ही कामं हृदय-श्वसनाच्या फिजिओंनीही केली. घरोघर लोकांना ही शाखा कळली. पण साथ ओसरली आणि पसंतीक्रम पुन्हा जुन्या जागी गेले. सामुदायिक शाखेचं तर अजून कोणी नाव घेत नाही. खरं तर आपल्या भागाला सर्वांत जास्त गरज तिचीच आहे. मणक्याला मार बसून चाकाच्या खुर्चीत आलेल्यांचं पुनर्वसन म्हणजे काय, हे कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डच्या कामातून उभ्या महाराष्ट्राला दाखवलं. रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर माणूस घरात, रानात, एसटीत कसा वावरेल हा त्या शाखेचा विषय आहे. आमच्या मुलांना ती ‘उरलेली’ वाटते, कारण कोणी त्यांना तिथे कधी नेलंच नाही.

परदेशाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात मुलाखत अजून जिवंत आहे. अमेरिकेत 1921 मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या अध्यक्षतेखाली फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली. पुढे तिथलं शिक्षण चढत चढत डॉक्टरेटवर गेलं. आता तिथे व्यवसायात शिरायचं तर डीपीटी हीच पदवी लागते. तिच्यासाठी अर्ज, शिफारसपत्रं, फिजिओच्या हाताखाली निरीक्षणाचे तास आणि बहुतेक ठिकाणी मुलाखत. तिथली मुलं एकेका संस्थेला भेट देऊन विचारतात: क्लिनिकल पोस्टिंग कुठे मिळते, परवाना परीक्षेत तुमचे किती जण पहिल्या प्रयत्नात पास होतात, कर्ज किती वर्षांत फिटतं? निवड दोन्हीकडून चालते.

आपल्याकडून जाणाऱ्यांची वाट याहून अवघड. भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचं, तिथली परवाना परीक्षा द्यायची. 2010 च्या जुलैत त्या परीक्षेच्या संस्थेने इजिप्त, भारत, पाकिस्तान आणि फिलिपिन्समधल्या पदवीधरांची परीक्षा थांबवली. प्रश्न फुटत असल्याचं कारण होतं. नंतर काही काळ या चार देशांच्या मुलांसाठी वेगळी परीक्षा ठेवण्यात आली. कागदपत्रांवर लाखभर रुपये घालून बसलेल्या कित्येक मराठी घरांत ते दिवस फार वाईट गेले. काहींचा दोष असेलही, शिक्षा मात्र पदवीवरच्या देशाच्या नावाला झाली. त्यानंतर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाकडे ओढा वाढला.

ब्रिटनला जाणाऱ्या मुलांचा एक अनुभव मला फार बोलका वाटतो. सीईटी, कॅप, रँक यांतून गेलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा मुलाखत द्यावी लागते ती विद्यापीठाच्या व्हिसापूर्व पडताळणीत. लॅपटॉपसमोर बसून तिला सांगावं लागतं, हेच विद्यापीठ का, हाच अभ्यासक्रम का, त्यात कोणते विषय आहेत, फी कोण भरणार, परत येऊन काय करणार. आणि तिथे पुष्कळ जणी अडखळतात. कारण विद्यापीठ निवडलं ते एजंटाने, अभ्यासक्रम निवडला तो मैत्रिणीने आणि फीचं सगळं गणित वडिलांना ठाऊक. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्या हुशार असतात, मेहनती असतात. पण ‘तुला हे का हवं?’ असं त्यांना घरात, वर्गात कोणी कधी विचारलेलंच नसतं. एमएससी करून परवाना मिळेल अशा समजुतीने जाऊन, तो अभ्यासक्रम नोंदणीसाठी नव्हताच हे तिथे पोचल्यावर कळणं, यासारखं दुःख नाही. वीस लाखांच्या कर्जाआधी एवढं एक वाक्य संकेतस्थळावर वाचायला कितीसा वेळ लागतो?

घरचा पाया आता पुन्हा बदलतो आहे. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. 2025 मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला आणि त्यात पदवी पाच वर्षांची, शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं. हे वाढीव सहा महिने मला मोलाचे वाटतात. आतापर्यंत इंटर्नशिपचा शेवट प्रवेशपरीक्षेच्या तयारीत बुडायचा. मुलं वॉर्डात उभी असायची आणि मन प्रश्नसंचात. आता वेळ मिळाला आहे, तर तो महाविद्यालयांनी शाखा दाखवण्यासाठी वापरावा. बालरोगाच्या खोलीत, अतिदक्षता विभागात, गावच्या आरोग्य केंद्रात, प्रत्येक ठिकाणी मुलाला इतके दिवस राहू द्यावं की नवलाई संपून कंटाळा येईल. ज्या कामाचा कंटाळा येऊनही ते करावंसं वाटतं, ती शाखा आपली.

म्हणून यंदा अर्ज भरणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. पसंतीक्रमात पहिलं नाव लिहिण्याआधी त्या महाविद्यालयात जा. इमारत बघू नका, ओपीडीत जाऊन बसा. सकाळच्या दोन तासांत किती रुग्ण येतात, त्यांना हात कोण लावतं, शिक्षक की फक्त विद्यार्थी, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, डेझर्टेशनचा विषय तुम्ही निवडला की तुम्हाला दिला गेला, स्टायपेंड मिळतो का आणि वेळेवर मिळतो का, अतिदक्षता विभागात खरंच काम करायला मिळतं का. परदेशी जायचं असेल तर हेच प्रश्न तिथे शिकत असलेल्या आपल्या भागातल्या मुलांना फोनवर विचारा आणि अभ्यासक्रम तिथल्या नोंदणीला चालतो का, याचं उत्तर लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी उत्तरावर सही करू नका. प्रश्न विचारलेले ज्या संस्थेला आवडणार नाहीत, तिचं नाव यादीतून काढून टाका.