मांजराची हगवण आणि मुलांची गोळी

मांजराला हगवण लागली की ती जंतांचीच असणार, जंत म्हटले की त्यांच्यावर एकच गोळी असणार, आणि ती गोळी मुलांसाठी आणलेली घरात पडलेली असली तर जनावरांच्या डॉक्टरकडे जाण्याची तसदी घेण्याचे कारण नाही, अशी तीन पदरी समजूत आमच्या शनवाऱ्यात इतकी पक्की रुजली आहे की तिच्याविरुद्ध अवाक्षर काढणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. मागांच्या खोल्यांतून आणि दाण्याच्या दुकानांतून उंदरांवर जगणारी मांजरे या वस्तीत पुष्कळ. त्यांच्यावर लोकांची मायाही आहे. आणि त्या मायेपोटीच अर्धी गोळी कुटून, दुधात कालवून त्यांच्या पुढ्यात सरकवली जाते. “अहो, पोरांना चालते ती मांजराला का नाही चालणार?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकणेच इष्ट.

ही गोळी म्हणजे ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. २०१५ सालापासून राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनाला ती शाळांतून व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना दिली जाते, दोन वर्षांखालील बालकाला अर्धी. ती शिक्षकांच्या समक्ष चघळून खावी असा शिरस्ता असला तरी एखादी खिशातून घरी येतेच. मुलांच्या बाबतीत त्या गोळीविरुद्ध माझी काहीएक फिर्याद नाही: माणसाच्या आतड्यातून ती रक्तात फार थोडी शिरते आणि मात्रा एकदाच द्यायची असते. परंतु वीस किलोच्या मुलाला अख्खी गोळी दिली तरी किलोमागे २० मिलिग्रॅम पडतात, आणि तीन किलोच्या मांजराला अर्धीच दिली तरी ६६ च्या वर, हा त्रैराशिकाचा साधा हिशेब कोणी करीत नाही. शिवाय कृमीच्या पेशींतील ज्या सूक्ष्म नलिकांची जडणघडण हे औषध रोखते, तशाच नलिका सस्तन प्राण्यांच्या पेशींतही असतात. औषध रक्तात पुरेसे साठले म्हणजे भराभर विभागणाऱ्या पेशींवर, विशेषतः अस्थिमज्जेवर, घाव पडतो. ज्यांना हे पुस्तकी भय वाटते त्यांच्यासाठी दाखला असा की, अल्बेंडाझोल दिल्यानंतर एका कुत्र्याची व एका मांजराची अस्थिमज्जा खालावल्याची हकीकत अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९७ साली प्रसिद्ध झालेली आहे. अर्ध्या गोळीने प्रत्येक मांजर दगावते असे मी म्हणत नाही. पण आज अर्धी दिली, हगवण थांबली नाही, म्हणून उद्या पुन्हा अर्धी आणि परवा पुन्हा, हा जो क्रम घरोघरी चालतो तोच घातक आहे.

आणि हगवण थांबावी तरी कशी? मुळात आरोपी कोण याची तहकीकातच झालेली नसते. पिल्लांच्या पोटातले गोल जंत पायरँटेलने पडतात, पण चपट्या जंतांवर त्याच औषधाचा काही उपयोग होत नाही. त्यांना प्राझिक्वाँटेल लागते. शेपटीखालच्या केसांत ताज्या तांदळासारखे हलणारे आणि वाळल्यावर तिळाएवढे उरणारे तुकडे दिसले तर ते बहुधा पिसवांतून आलेल्या चपट्या जंताचे असतात, आणि पिसवा तशाच ठेवून दिलेले औषध महिन्याभरात फुकट जाते. पुढची मंडळी तर जंतच नव्हेत, एकपेशीय जीव आहेत. कॉक्सिडिया पिल्लांना पाण्यासारखे जुलाब लावतात. त्यांच्यावर सल्फा जातीची औषधे किंवा टॉल्ट्राझुरिल. जिआर्डियावर फेनबेंडाझोल, किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवसांपर्यंत. शिवाय मांजराचे अंग व मातीची पेटी धुणे आलेच, कारण त्याचे कोश केसांना चिकटतात आणि चाटण्यातून पुन्हा पोटात जातात. ट्रायट्रिकोमोनास हा सर्वांत चिवट. दाटीने राहणाऱ्या तरुण मांजरांत तो महिनोन् महिने दुर्गंधी, शेणासारखी हगवण चालू ठेवतो आणि वर सांगितलेल्या एकाही औषधाला दाद देत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील जोडी गुकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली त्यावर रोनिडाझोल लागू पडते असे दाखवून दिले. परंतु त्याची मात्रा थोडी चुकली तरी मांजराचे पाय लटपटतात, म्हणून ते डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचे औषध आहे.

तेव्हा पहिली तजवीज गोळीची नव्हे, विष्ठेच्या तपासणीची. संपृक्त द्रावणात विष्ठा कालवली म्हणजे जंतांची अंडी वर तरंगतात आणि काचपट्टीवर उचलता येतात. जिआर्डियाचे कोश रोज पडत नाहीत, म्हणून तीन निरनिराळ्या दिवशीचे नमुने द्यावेत. आणि ट्रायट्रिकोमोनास तरंगतही नाही व थंडीत मरतो, म्हणून त्याच्यासाठी नमुना ताजा हवा, फ्रिजमध्ये ठेवलेला नको. “विष्ठेत जंत दिसले नाहीत, म्हणजे जंत नाहीत” असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की यांतील बहुतेक मंडळी डोळ्यांना दिसणारी नव्हेतच.

बाकीच्या समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. लसणाने जंत पडत नाहीत. मांजराच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात, आणि कांद्याचेही तेच. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. हगवणीवर दूध पाजणे हा तर उलटा उपाय, कारण बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. घराबाहेर न पडणारे मांजर सुरक्षित असते म्हणावे, तर गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लांत उतरतात. म्हणूनच युरोपातील परजीवीतज्ज्ञांची ईएससीसीएपी ही संस्था तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला पिल्लांना औषध द्यावे असे सांगते. माणसांची जुलाब बंद करणारी गोळी मांजराला देऊ नये. जे पिल्लू खाणे सोडून मलूल पडले आहे, किंवा ज्याच्या हगवणीत रक्त आहे, त्याच्या बाबतीत नमुन्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लहान शरीरातले पाणी फार लवकर आटते.

राहिली गरोदर बाईच्या घरातून मांजर हाकलण्याची रूढी. गर्भाला बाधणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या मांजराच्या विष्ठेतल्या परजीवीचे भय खोटे नाही, परंतु मांजर त्याचे बीजकोश साधारणतः आयुष्यात एकदाच, थोडे आठवडे टाकते, आणि पडलेले बीजकोश बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. पेटी घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ करावी, आणि कच्च्या मांसाची व बागेतल्या मातीची खबरदारी त्याहून अधिक घ्यावी.